बेचाळिसावा खोका

परिभाषा मंडळाच्या शोकसभेत तीन विषय होते. पहिला, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहणं. दुसरा, दिवंगत सदस्यांच्या आग्रहाखातर इतकी वर्षं चालवून घेतलेली ‘बाह्य अभिप्राय’ ही पद्धत बंद करण्याचा ठराव. तिसरा, चहा. अध्यक्षांना मध्येच खोकला आला म्हणून स्तब्धता दीड मिनिटात आटोपली. ठराव एकमतानं मंजूर झाला, कारण त्याला विरोध करणारा एकच माणूस होता आणि सभा त्याच्याच शोकाची होती. चहा मात्र चांगला पाऊण तास चालला.

मागच्या खुर्चीवर बसून थोरली हे सगळं पाहत होती. दिवंगत सदस्य म्हणजे तिचे बाबा. घरात आता ती आणि तिचा धाकटा भाऊ, एवढीच काय ती माणसं उरली होती. ती रडली नाही. रडायला आलंच असतं तर ते दुसऱ्या विषयाला आलं असतं, आणि ते इतिवृत्तात कुठल्या रकान्यात घालायचं यावर आणखी एक सभा झाली असती.

हे मंडळ तत्त्वज्ञानाचा परिभाषाकोश करत होतं. एकतीस वर्षं करत होतं आणि ‘ज’पर्यंत आलं होतं. वजनमापं तपासणाऱ्या खात्याच्या वरच्या मजल्यावर त्याची एक लांबट खोली होती. खाली तराजूंवर शिक्के मारल्याची ठकठक दिवसभर चालायची आणि वर ‘अस्ति’ आणि ‘अस्तित्व’ यांतला फरक ठरत असायचा. सात सदस्यांपैकी सहा तत्त्वज्ञ. सातवे बाबा, कारण नियमावलीत ‘एक भाषातज्ज्ञ’ असं छापून गेलं होतं आणि ते खोडायला कुणाला सवड झाली नव्हती. तत्त्वज्ञांच्या मते भाषातज्ज्ञानं सगळ्यात शेवटी यावं, ऱ्हस्वदीर्घ बघावं आणि जावं.

बाबांचं म्हणणं साधं होतं. शब्दाची व्याख्या करायला बसण्याआधी तो शब्द कोण, कुणाला, कशासाठी म्हणतं ते ऐकून या. ते स्वतः खिशात कोरी कार्डं घालून हिंडायचे. न्हाव्याच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकावर, तिकिटाच्या रांगेत कुणी काही बोललं की टिपून घ्यायचे आणि खाली बोलणाऱ्याचं नाव घालायचे. बुटांच्या रिकाम्या खोक्यांत ही कार्डं साठत गेली. ‘भान’, ‘जाणीव’ आणि ‘शुद्ध’ या तीन शब्दांचाच एक अख्खा खोका होता. त्यातून बाबांनी काय काढलं ते थोरलीला पाठ होतं: जाणीव दुसऱ्यानं करून द्यावी लागते, भान आपलं आपण ठेवावं लागतं, आणि शुद्ध आपल्याला न विचारता जाते, न विचारता येते. मंडळानं अकरा महिने चर्चा करून हे तिन्ही शब्द ढिले ठरवले आणि त्यांच्या जागी ‘संवित्तिमत्ता’ आणून बसवला.

तेव्हा बाबांनी बाह्य अभिप्राय मागवला. म्हणजे दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मावशींना विचारलं. पद्धतच तशी होती. शब्द पक्का करण्याआधी तो मावशींना सांगायचा, समजावून द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कुठंतरी वापरून दाखवायचा. मावशींनी ‘संवित्तिमत्ता’ तोंडात दोनदा घोळवला आणि विचारलं, “हे कुठं दुखतं?”

शब्द पडला. अध्यक्ष तो घाव कधी विसरले नाहीत.

त्याचा वचपा त्यांनी नियम सातमध्ये काढला. कोशाच्या शेवटी न्हाव्यापासून नर्सपर्यंत सगळ्या बोलणाऱ्यांची नावं छापावीत असा बाबांचा हट्ट होता. अध्यक्षांनी नियमच केला: ज्याच्या हस्ताक्षरात कार्ड, तोच त्या नोंदीचा कर्ता, इतरांची नावं येणार नाहीत. त्या दिवशी बाबा घरी आले ते हसतच. “आजपासून न्हावी जे बोलला ते माझं झालं,” ते म्हणाले. “चोरी नियमात बसवून दिली मला.”

थोरलीचं काम निराळं. औषधाच्या डबीत घडी घालून ठेवलेला जो कागद कुणी वाचत नाही, तो वाचण्याची तिची नोकरी. बारीक टायपात कुठं ‘जेवणाआधी’चं ‘जेवणानंतर’ झालं नाही ना, ‘अर्धी’ गोळी गळून नुसती ‘गोळी’ राहिली नाही ना, हे ती दिवसभर भिंगातून बघायची. बाबा तिला चिडवायचे, “तुझ्या चुकीनं माणूस दगावतो. आमच्या चुकीनं डॉक्टरेट मिळते.”

मग एका सकाळी दाढी करताना बाबांच्या हातातून वस्तरा गळून पडला. उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण शब्दांनी आपापल्या जागा सोडल्या. वाक्य ठणठणीत, सूर नेहमीचा, फक्त नाव भलत्याच वस्तूचं. “जरा गणित दे गं,” ते म्हणायचे, आणि पाण्याचा पेला हातात आला नाही की चिडायचे. चष्म्याला पायरी. उशीला सोमवार. काही शब्द रोज पालटायचे, काही मात्र पक्के बसले. दिवसा सांभाळायला येणाऱ्या बाईंना कळावं म्हणून थोरलीनं घरातलीच कोरी कार्डं घेतली. डावीकडं बाबा काय म्हणतात ते लिहिलं, उजवीकडं त्यांना काय हवं असतं ते. प्रत्येक कार्ड ती बाबांसमोर धरायची. बरोबर असेल तर ते डाव्या हाताच्या बोटानं त्यावर दोनदा टकटक करायचे. चूक असेल तर बोट मागं घ्यायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या बोलण्याची कार्डं करणारा माणूस आता स्वतःच्या बोलण्याची कार्डं तपासत होता, आणि पूर्वीइतकाच कडक तपासत होता. ‘सोमवार’चं कार्ड त्यांनी तीनदा परत पाठवलं. ‘पलंग’ नाही, ‘चादर’ नाही, ‘झोप’ नाही. उशी.

एक कार्ड होतं: खिडकी — लेक. थोरली खोलीत आली की बाबा म्हणायचे, “खिडकी आली का?” पहिल्यांदा तिनं जाऊन खिडकी उघडली. दुसऱ्यांदा लावून घेतली. तिसऱ्यांदा तिला कळलं. त्या कार्डावर बाबांनी टकटक केली ती दोनदा नाही, चांगली पाच-सहा वेळा.

दीड वर्षात खोका भरला. तो बेचाळिसावा. बाबांच्या उशाशी असायचा.

शोकसभेनंतर आठवड्यानं मंडळाची गाडी बाबांची कार्डं न्यायला आली तेव्हा थोरली कामावर होती. संध्याकाळी येऊन बघते तो उशाची जागा रिकामी.

“एक्केचाळीस द्यायचे होते,” ती धाकट्याला म्हणाली.

“बेचाळीस होते. मोजून दिले, पावती घेतली.”

“आत काय आहे बघितलं नाहीस?”

“सगळ्यांत कार्डंच. मला काय कळणार कुठलं ज्ञान आणि कुठलं दुखणं.” धाकटा पावतीची घडी घालत राहिला. मग म्हणाला, “उघडून बघितलं असतं ना ताई, तर एकही देववला नसता. म्हणून उघडले नाहीत.”

थोरलीनं त्याच्या हातातून पावती घेतली.

तिनं मंडळाला दोन पत्रं लिहिली. उत्तर नाही. तिसऱ्या आठवड्यात अध्यक्षांचाच फोन आला. ती त्यांना लहानपणापासून काका म्हणायची. ते बोलताना डोळे मिटायचे आणि वाक्य संपलं की उघडायचे, समोरचा अजून आहे का ते बघायला. फोनवरही ते तसंच करत असणार.

“बाळ, मी केव्हाचा तुला फोन करणार होतो. तो शेवटचा खोका. आम्ही तुझ्या वडिलांना ओळखलंच नाही गं.”

“काका, तो खोका चुकून—”

“अशा गोष्टी चुकूनच सापडतात. गुरुवारी अकराला ये. मी त्यावर टिपण वाचतोय.”

गुरुवारी ती रजा टाकून गेली. जिन्याखालच्या कोठीचं दार उघडंच होतं. आत मोडके पंखे, तीन पायांच्या खुर्च्या आणि त्यांच्यामागं, बाबांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या डकवलेले, एक्केचाळीस खोके. बेचाळिसावा वर होता. लांब टेबलाच्या मधोमध, हिरव्या कापडावर.

टिपणाचं नाव होतं ‘नामविपर्यास: एका भाषाविदाचा उत्तरकालीन तत्त्वविचार’.

“आयुष्यभर त्यांनी लोक काय बोलतात ते टिपलं,” अध्यक्ष डोळे मिटून म्हणाले. “आपण त्यांना हसलो. पण शेवटी त्यांना उमगलं की शब्द आणि वस्तू यांची गाठ आपणच मारलेली आहे. ती त्यांनी सोडली. मुद्दाम सोडली. हे बघा, ‘गणित — पाणी’. ज्याला आपण सर्वांत निश्चित ज्ञान समजतो ते पाण्यासारखं आहे, घालावं त्या भांड्याचा आकार घेणारं. दोन शब्दांत केवढा प्रहार.”

“‘सोमवार — उशी’सुद्धा आहे, सर,” सहसंपादक म्हणाले. हे गृहस्थ एकोणीस वर्षं सहसंपादक होते आणि अध्यक्षांच्या प्रत्येक खोकल्याकडं आशेनं बघायचे. “कालाची मृदुता.”

“घेतलंय. पान नऊ.”

“‘पायरी — चष्मा’ मला नीटसं लागलं नाही,” कोपऱ्यातला एक सदस्य म्हणाला.

“ते सोपं आहे. दृष्टी ही टप्प्याटप्प्यानं चढते. आणि आता कळस. ‘खिडकी — लेक’.” अध्यक्षांचा आवाज हलका झाला. “आपण समजतो, खिडकीतून जग दिसतं. ते म्हणतात, नाही. खिडकी हेच जन्मलेलं अपत्य आहे. पाहणाराच पाहण्याच्या वाटेला जन्म देतो. याला मी ‘गवाक्षापत्यवाद’ म्हटलंय.”

सदस्यांनी शब्द लिहून घेतला. एकानं जोडाक्षर विचारून घेतलं.

थोरली उठून उभी राहिली. “काका, बाबांना पक्षाघात झाला होता. पाणी हा शब्द त्यांना सापडायचा नाही, म्हणून ते गणित म्हणायचे. तहान लागली की म्हणायचे. आणि लेक म्हणजे मी.”

खाली दोन तराजू पास झाले.

“ते आजारी होते हे आम्हाला ठाऊक का नाही?” अध्यक्ष समजुतीनं म्हणाले. “पण विचार कुठून आला यावरून तो काय आहे हे ठरवणं हा तर्कदोष आहे, बाळ. त्याला आपण कोशात शब्दसुद्धा दिलाय.”

“कुठला, सर?” सहसंपादकांनी वही उघडली.

“‘उ’मध्ये असेल.”

“‘उ’मध्ये नाही.”

“मग मंजूर व्हायचा असेल. मुद्दा तो नाही.”

तेवढ्यात मावशी चहा घेऊन आल्या. त्यांची परीक्षा बंद केल्याचा ठराव त्यांना कुणी कळवला नव्हता. ट्रे ठेवून त्या सवयीनं भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, काही विचारतील म्हणून.

“मावशी,” थोरली म्हणाली, “एक माणूस पाणी हवं असलं की गणित दे म्हणायचा. चष्म्याला पायरी म्हणायचा.”

“तोंड एका बाजूला ओढलं होतं का?”

“थोडं.”

“मग झालं. माझ्या सासूबाईंचं तसंच. मला दोन वर्षं बादली म्हणायच्या. ए बादली, इकडं ये. बादली, जेवलीस का.”

“तुम्ही काय करायचात?”

“ओ द्यायचे. आणखी काय करणार? माणूस हाक मारतंय, तर बादली का कढई ते बघत बसू?” मावशी कप मांडायला लागल्या. मांडता मांडता टेबलावरच्या कार्डावर त्यांची नजर गेली आणि त्या वाचण्यासाठी जरा वाकल्या. “हे साहेबांचं होय? तुम्हाला खिडकी म्हणायचे का? बादलीपेक्षा बरं की.” मग अध्यक्षांकडं वळून, “पोरीला देऊन टाका ना ते. असलं काय टेबलावर मांडतात?”

“हा बाह्य अभिप्राय झाला,” अध्यक्ष म्हणाले. या वेळी डोळे उघडे होते. “पद्धत बंद झालेली आहे. इतिवृत्तात घेऊ नका.”

सहसंपादकांनी लिहिलेली ओळ खोडली.

थोरलीला वाटलं, आपण हरलो. बाबा हयातीत ज्या खोलीत एकटे पडायचे त्या खोलीत ते मेल्यावर बहुमतात आले होते, आणि त्यासाठी त्यांनी न बोललेलं सगळं त्यांच्या तोंडी घालावं लागलं होतं. ती समोरच्या कार्डाकडं बघत राहिली. औषधाच्या कागदावर चूक सापडत नसली की ती एक युक्ती करायची: अर्थ सोडून द्यायचा आणि नुसती अक्षरं बघायची. आता तिनं अक्षरं बघितली. मग टेबलावरच्या कोऱ्या कार्डांच्या गठ्ठ्यातलं एक ओढलं, पेन काढलं, ‘खिडकी — लेक’ असं लिहिलं आणि ते त्या कार्डाशेजारी ठेवलं.

“नियम सात, काका. ज्याच्या हस्ताक्षरात कार्ड, तोच कर्ता. बाबांचा उजवा हात चालत नव्हता. ही सगळी कार्डं माझ्या हातची आहेत.”

सहा तत्त्वज्ञ टेबलावर ओणवे झाले. एकतीस वर्षं ज्या अक्षराशी ते भांडले होते ते अक्षर त्यांतल्या एकालाही ओळखता आलेलं नव्हतं.

“म्हणजे हा सिद्धान्त तुमचा आहे?” सहसंपादकांनी विचारलं. त्यांच्या आवाजात एकदम अहोजाहो आलं होतं.

“सिद्धान्त तुमचाच. कार्डं माझी.”

अध्यक्षांनी तिला बाहेर बोलावलं. व्हरांड्यात उभं राहून ते बराच वेळ चष्मा पुसत होते.

“टिपण छापायला गेलंय,” ते म्हणाले. “तू परवानगी दे. जोडीनं नाव घालू. आणि आणखी एक सांगतो, हे मी आत बोलणार नाही. ते एक्केचाळीस खोके मी वर आणतो. ‘भान’, ‘जाणीव’, सगळं पुढच्या खंडात जाईल. न्हाव्याचं नाव हवं असेल तर न्हाव्याच्या नावासकट. तू नाही म्हणालीस तर… जागा कुठं आहे गं आमच्याकडं? कोठी बघितलीसच तू.”

तिनं कोठी बघितली होती. एका बाजूला बाबांचं सगळं आयुष्य होतं, रांगेतलं, बाकावरचं, नावानिशी लिहिलेलं. दुसऱ्या बाजूला एका खोलीतले दीडएकशे शब्द, जे दोन माणसांना कळायचे आणि आता एकालाच कळत होते. बाबांना विचारलं असतं तर त्यांनी न्हाव्याच्या बाजूनं मत दिलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यांना खोके छापून आले असते तर हवं होतं. तिलाही हवं होतं, फार हवं होतं.

पण मग तिनं मनातल्या मनात ते कार्ड त्यांच्यासमोर धरून बघितलं. डावीकडं खिडकी. उजवीकडं गवाक्षापत्यवाद. आणि तिला ते बोट दिसलं, मागं जाताना.

“नाही, काका.”

“मी तुझ्या वडिलांच्या कामासाठी म्हणतोय.”

“ते कार्ड त्यांनी तपासून दिलंय. त्यावर उजवीकडं दुसरं काही लिहू देणार नाही मी.”

“तू फार शब्दाला धरून चालतेस.”

“नोकरीच आहे ती माझी.”

ती आत गेली, खोक्यावर झाकण घातलं आणि तो उचलला. कुणी अडवलं नाही. नियम त्यांचाच होता.

टिपण पुढं छापून आलंच, कार्डांशिवाय. खाली तळटीप होती, ‘मूळ साधनं कुटुंबीयांच्या ताब्यात असल्यानं अनुपलब्ध’. त्यामुळं त्याचं वजन वाढलं. ज्याचा पुरावा कुणाला बघता येत नाही अशा सिद्धान्ताला मान असतोच. ‘गवाक्षापत्यवाद’ कोशात ‘ग’ची पुरवणी काढून घातला गेला, आणि सहसंपादक आता त्याचं खंडन लिहितायत. त्या गुरुवारच्या इतिवृत्तात ‘बाह्य अभिप्राय’ या रकान्यात एकच शब्द आहे: नाही.

हे सगळं मागाहून. त्या दिवशी थोरली खोका छातीशी धरून जिना उतरली आणि कोठीपाशी थांबली. सगळ्यात पुढच्या खोक्यावर बाबांचं तिरपं अक्षर होतं. भान, जाणीव, शुद्ध. चिठ्ठीची खालची कड ओलीनं फुगली होती. दोन्ही हात अडकलेले, त्यामुळं तिला डोळे पुसता येईनात. ती तशीच उभी राहिली.

वरून मावशींचा आवाज आला, “अहो खिडकी.”

“ओ,” थोरली म्हणाली. आधी म्हणाली, आणि मग तिला कळलं की आपण ओ दिली.

मावशी कठड्यावरून वाकल्या होत्या. “चहा राहिला की तुमचा. आणि ते खोके मी वरच्या फळीवर घेते. खाली ओल येते.”